एकतिसावा भाग

१

लग्नसराईत माझा दिवस लाइन, म्हणजे वीज, येण्याच्या वेळेवर ठरायचा. २००६ सालच्या त्या उन्हाळ्यात अमरावतीत सकाळी गेलेली लाइन अकराला परत यायची. ती आली की मी जिना चढून दुकान उघडायची, कूलरमध्ये पाणी ओतायची आणि हेडफोन कानाला लावून कामाला बसायची. माझे अब्बा, अब्दुल सत्तार, अचलपूरला लग्नांचं शूटिंग करायचे. कॅसेटी एसटीनं माझ्याकडे पाठवायचे. मी त्यांचं मिक्सिंग करायची. म्हणजे नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, आणि जिथं आवाज नीट आला नसेल तिथं दुसरीकडचा आवाज आणून बसवायचा. शहनाई तर मी शंभर लग्नांत एकच वापरली असेल. कुणाला कळलं नाही.

खालचं वह्या-पेनांचं दुकान ओमप्रकाशजींचं. साठीचे गृहस्थ, मला आरजूबेटा म्हणायचे. आमची मैत्री जमली ती 'आतली कडी'मुळं.

ही मालिका दर गुरुवारी संध्याकाळी लागायची, त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. बावन्न भाग. प्रत्येक भागात घर वेगळं, माणसं वेगळी. पण घरातली सगळी माणसं बाहेर असताना एका खोलीचं दार आतून बंद सापडायचं. भागाच्या शेवटी आतून कडी वाजायची, एकदाच, आणि पडदा काळा व्हायचा. आत कोण होतं ते कधीच दाखवलं नाही. अचलपूरला आम्ही शेजाऱ्यांकडे बघायला जायचो, आणि परतताना मी आणि माझी बहीण महेजबीन एकमेकींचा हात सोडत नसू. पुढं मालिका संपली, पण लोकांच्या डोक्यातून गेली नाही. ऑटोच्या मागं 'आत कोण?' असं रंगवलेलं असायचं. मोरीचं दार बंद दिसलं की पोरं तेच ओरडायची. ओमप्रकाशजींनी सगळे भाग कॅसेटवर उतरवून ठेवले होते, आणि दरवर्षी मे महिन्यात ते चाहत्यांचा मेळावा भरवायचे. अकोल्याहून, अंजनगावहून माणसं यायची. त्या वर्षी केबलवर दुपारी तीनला मालिका पुन्हा दाखवत होते, त्यामुळं पत्रांचा ढीग पडला होता. बावन्नही भाग सीडीवर घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

ते काम मी पुरं केलं नाही.

२

पत्र एप्रिलच्या शेवटी आलं. अकोला जिल्ह्यातल्या खैरबर्डी गावाहून, दुर्गाबाई नावाच्या बाईंचं. ओमप्रकाशजी वर आले आणि मला म्हणाले, "बेटा, हे वाच."

"मले एकतिसावा भाग पाहिजे," असं लिहिलं होतं. "फेब्रुवारीत दुपारी तीनले लागला होता. त्यात कडी किती वेळा वाजते ते मोजाचं हाय. माहे मालक भगवंतराव त्या टायमाले कापसाच्या खोलीत होते. मी टीव्हीसमोर बसली होती. कडी लय वाजली. चौदा-पंधरा वेळा तरी. मले वाटलं टीव्हीत वाजून राहिली. आज आवाज मस्त घेतला म्हणून मी आवाज वाढवला. नंतर दार तोडलं तर ते कापसाखाली होते. त्या पंधरातल्या टीव्हीतल्या किती अन् त्यायच्या किती, एवढंच मले समजलं पाहिजे."

त्या वर्षी आमच्या भागात घराघरांत कापूस भरून ठेवलेला होता. सरकारी खरेदीचा भरवसा उरला नव्हता, भाव चढायची वाट बघत लोक थांबले होते. बैठकीची खोली, देवाची खोली, जिथं जागा मिळेल तिथं छतापर्यंत कापूस. असा ढीग अंगावर ढासळला की खालचा माणूस ओरडला तरी आवाज बाहेर येत नाही.

ओमप्रकाशजींनी चष्मा काढून पुसला. "मले तर या बाईले लिहावं काय तेच सुचून नाई राहिलं," ते म्हणाले.

३

मी एकतिसावा भाग लावला. हेडफोन लावून, डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. या भागात एक म्हातारी पावसाळी दिवशी घरात एकटी असते. पाऊस आहे, स्वयंपाकघरातली भांडी आहेत, म्हातारीचा खोकला आहे. कडी नाही. शेवटी एकदा वाजली आणि भाग संपला.

मी पुन्हा ऐकला. एकदाच.

"मंग कॅसेट खराब झाली म्हणून लिहून टाकू," ओमप्रकाशजी म्हणाले.

"त्या दुसरीकडून मिळवतील, काकाजी. केबलवाल्याला विचारतील. अन् एकदा पाहिलं की आयुष्यभर चौदा मोजत बसतील."

"मंग?"

ते खाली गेल्यावर मी दुकानाच्या मागच्या दाराला माइक लावला आणि तिथली कडी हलवून आवाज घेतले. हळू, जोरात, घाईघाईनं. चौदा. ते एकेक करून भागात बसवले. पावसाच्या मागं, खोकल्याच्या आधी, म्हातारी खिडकीशी जाते तिथं. कुठं बसवले ते कागदावर लिहून ठेवलं, कारण ती माझी सवय होती. स्वयंपाकघराच्या प्रसंगात एकही घेतला नाही. तिथं भांड्यांचा आवाज खरा वाटत होता, त्यात हात घालावासा वाटला नाही.

शेवटची खरी धरून पंधरा. आता त्या बाई मोजतील आणि सुटतील, असं मला वाटलं. चांगलं काम झालं होतं. मी ते अभिमानानं दोनदा ऐकलं, हे लपवत नाही.

४

सीडी पोस्टानं पाठवता आली असती. पण ती त्यांनी एकटीनं बघू नये असं मला वाटलं. सकाळच्या गाडीनं अकोला, तिथून दुसऱ्या एसटीनं फाटा, आणि पुढं अर्धा कोस पायी. खैरबर्डीत पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. गल्लीत माणूस नव्हतं. काळी शेतं भेगाळून पडली होती आणि उन्हात सगळ्याच घरांची दारं लोटलेली होती.

दुर्गाबाई पन्नाशीच्या, उंच, अंगानं वाळलेल्या. मी सीडी घेऊन आले म्हटल्यावर त्या इतक्या हरखल्या की मला शरम वाटली.

"एवढ्या उन्हाची आली वं माय! बस. पाणी पे आधी."

घर लहान होतं. समोरची खोली, मागं स्वयंपाकघर. समोरच्या खोलीत भिंतीशी टेबलावर टीव्ही, आणि त्याच भिंतीत, टीव्हीपासून चार हातांवर, कापसाच्या खोलीचं दार. नवीन, बिनरंगाचं. चौकटीवर जुनं दार तोडतानाचे सब्बलीचे, म्हणजे पहारीचे, घाव तसेच होते.

त्या घरात एक गोष्ट मला पहिल्यापासून जाचत होती आणि ती काय ते कळायला वेळ लागला. आवाजाला तिथं पडसाद नव्हता. मी खाकरले तरी तो आवाज ओठांशीच संपत होता. माझा धंदाच आवाजाचा. म्हणून स्वतःला सांगितलं, भिंतीपलीकडं खोलीभर कापूस आहे, तो आवाज पिऊन टाकतो. यात वेगळं काही नाही.

"कापूस अजून आतच आहे?" मी विचारलं.

"कोणी हात लावत नाई त्याले. पुंजाजी म्हणतात उचलून टाकू, पण मजूर येत नाईत." पुंजाजी त्यांचे चुलतदीर, शेजारच्या घरात राहायचे. "ते आत उतरले की कडी लावत. नाईतर शेळी घुसे. त्या दिवशी तेच नडलं, म्हणून नव्या दाराले मी आतून कडी लावूच देली नाई. पाय बरं."

त्यांनी दार ढकललं. ते आत उघडलं, वीतभर, आणि कापसाला टेकून थांबलं. फटीतून पांढरा अंधार दिसला. दाराच्या आतल्या बाजूला खरंच काही नव्हतं. साधं कोरं लाकूड. त्यांनी दार ओढून घेतलं.

५

आम्ही चटईवर बसलो. त्यांनी प्लेअर लावला आणि बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवला.

पाऊस सुरू झाला. म्हातारी दिसली. पहिली कडी वाजली, माझ्या दुकानाची, अगदी ठरल्या जागी. दुर्गाबाईंचा अंगठा हलला. दुसरी. तिसरी. त्यांचे डोळे टीव्हीवर नव्हते, त्या जमिनीकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, होऊ द्या, एवढं होऊ द्या.

आठव्या कडीनंतर स्वयंपाकघराचा प्रसंग आला. म्हातारी भांडी लावते.

कडी वाजली.

दुर्गाबाईंचा अंगठा पुढच्या पेरावर गेला.

मी टीव्हीकडं बघितलं. म्हातारी भांडी लावतच होती. इथं मी काही टाकलं नव्हतं. कागद माझ्या पर्समध्ये होता, पण तो बघायची गरज नव्हती. मला तोंडपाठ होतं. भांडंच असेल, मी म्हटलं. नाहीतर सीडी अडकून मागचा तुकडा पुन्हा वाजला असेल. तसं होतं कधीकधी. पण सीडी अडकली की चित्रही अडकतं, आणि म्हातारीचा हात तर सरळ चालला होता.

पुन्हा वाजली. दोनदा, लागोपाठ. माझ्या दुकानाची कडी पातळ पितळी होती, तिचा आवाज खणखणीत यायचा. हा जड होता. लोखंडी. आणि तो टीव्हीतून येतोय की टीव्हीच्या बाजूनं, हे मला, रोज आठ तास आवाज ऐकणाऱ्या मला, सांगता येईना. त्या क्षणी मला कळलं की त्या बाईंना का सांगता आलं नाही.

पुढं माझ्या कड्या वाजत राहिल्या आणि त्यांच्यामध्ये त्या दुसऱ्याही. दुर्गाबाई सगळ्या मोजत होत्या. मी त्यांना थांबवलं नाही.

शेवटची कडी वाजली. पडदा काळा झाला. त्याच क्षणी पंखाही थांबला. लाइन गेली होती.

६

"एकवीस," दुर्गाबाई म्हणाल्या. "तू किती मोजल्या?"

"तेवढ्याच," मी म्हणाले.

"सगळ्या टीव्हीतल्या?"

"सगळ्या, मावशी."

त्यांचा चेहरा हलका होईल म्हणून मी वाट बघत होते. तो विझला. इतका सावकाश विझला की मला नजर वळवावी लागली.

"मंग लोक म्हणत तेच खरं," त्या म्हणाल्या. "तहसीलचे साहेब आले होते ना वं. म्हणे बाई, दार आतून बंद होतं, मंग हे केलं की झालं? अख्खं गाव म्हणे, भगवंतरावनं आतून कडी लावली अन् कापूस अंगावर ओढून घेतला. यंदा रोज कोणी ना कोणी जातच होतं, त्यात हेही गेले. मी एकटीच म्हणत होती की नाई. ते कडी वाजवून राहिले होते, मले बलावून राहिले होते, मलेच समजलं नाई. माही चूक झाली, पण त्यायले जगाचं होतं." त्यांनी हात मांडीवर उपडे ठेवले. "अन् तू म्हणते सगळ्या टीव्हीतल्या. म्हंजे त्यायनं मले एकदाबी बलावलं नाई."

मी काय केलं होतं ते मला तेव्हा समजलं. त्यांना सुटायचं नव्हतंच. त्यांच्याजवळ त्या पंधरा हाकांशिवाय काही उरलेलं नव्हतं, आणि त्या मी पुसून टाकल्या होत्या.

मी पर्समधला तो कागद काढायला हात घातला.

खोलीत काही चालू नव्हतं. पंखा नाही, टीव्ही नाही, बाहेर पाखरूसुद्धा नाही.

कडी वाजली.

एकदा. चार हातांवर. त्या कोऱ्या दाराच्या आतून.

७

आम्ही दोघी हललो नाही. टीव्हीच्या काळ्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो, आणि आमच्या मागं उघड्या दारातलं ऊन.

"लाइन गेली ना?" दुर्गाबाईंनी हळूच विचारलं.

"हो."

"मंग हे कोण्या भागातलं?"

पुन्हा वाजली. आता घाईनं, तीनदा, चारदा. दार हलत नव्हतं. ज्या जागी काहीच लावलेलं नव्हतं तिथं लोखंड लोखंडावर आपटत होतं, आणि कापसानं दबून तो आवाज आमच्यापर्यंत अर्धाच येत होता.

"मावशी," मी म्हणाले. "त्या भागात कडी एकदाच वाजते. शेवटी. बाकीच्या मी टाकल्या. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. त्या दिवशी तुम्ही ऐकलं ते टीव्हीतलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं त्या मारतील. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या हसल्या.

"म्हंजे ते वाजवूनच राहिले होते."

"हो."

"मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मी त्यांचं मनगट धरलं. "नका जाऊ. पुंजाजींना बोलावू. मावशी, आत कुणी नाही, तुम्हाला ठाऊक आहे आत कुणी नाही."

"तवा बी मी हेच म्हणून बसली होती," त्या म्हणाल्या. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाची सोडवावी तशी. "आता नाई बसत."

त्यांनी दार ढकललं. मघाशी वीतभर उघडलेलं दार आता आरामात, माणूस जाईल एवढं उघडलं. त्या आडव्या होऊन आत गेल्या. जाताना त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

दार लागलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला, लांब, सावकाश. घरातली सगळी माणसं परत आली की आपण लावतो तशी.

८

मी दार ढकललं, खांदा लावला, लाथा मारल्या. ते हललं नाही. मी अंगणात येऊन ओरडले तेव्हा पुंजाजी बनियनवरच धावत आले. त्यांनी काही विचारलं नाही. दाराकडं बघितलं, परत गेले आणि सब्बल घेऊन आले.

"वहिनी!" ते हाक मारत होते. "वहिनी, बाजूले व्हा!"

पहिल्या घावाला फळी उभी चिरली. बोटभर फट पडली. पुंजाजी दम घ्यायला थांबले, आणि मी फटीला डोळा लावला.

आत वरच्या झरोक्यातून थोडा उजेड होता. दुर्गाबाई माझ्याकडं पाठ करून कापसात बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात वर-खाली होत होता. काहीतरी वेचत होत्या. त्यांच्यापुढं, त्यांच्याएवढ्याच उंचीचं, खाली मान घातलेलं कुणीतरी बसलं होतं, आणि त्या त्याच्या केसांतला कापूस काढत होत्या. एकेक पुंजका, बाजूला ठेवत. त्या काहीतरी बोलतही होत्या, पण शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत.

ते कापसाचंच असेल. पांढरं होतं. कापूस कसाही रचला जातो. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं.

मग ती मान वर व्हायला लागली.

मी मागं सरले. पुंजाजींनी दुसरा घाव घातला, फळी निघाली, आणि आतला ढीग एकदम खचला. ओल्या मातीसारखा धप्प आवाज झाला. त्यानंतर आम्ही हातांनी उपसत होतो. गल्लीतली माणसं जमली, तीही उपसत होती. नाकातोंडात तंतू जात होते, कुणालाच खोकल्याशिवाय बोलता येत नव्हतं. दुर्गाबाई सापडायला पाव तास लागला. त्या एका कुशीवर होत्या, कुणाच्या तरी पुढ्यात निजावं तशा. श्वास नव्हता. त्यांच्या मागची जागा पोकळ होती. तिथं कापूस पडलाच नव्हता.

संध्याकाळी हवालदार आला. दाराला आतून कडी नव्हतीच, तेव्हा कापूस दाराला टेकून ते अडलं असेल, असं त्यानं स्वतःच ठरवलं. मी मान हलवली. दाराच्या निघालेल्या फळ्या अंगणात पडल्या होत्या, आणि बायका रडत असताना माझी नजर पुन्हा पुन्हा त्या कोऱ्या लाकडावर जात होती.

हवालदार पंचनामा लिहीत असताना पुंजाजी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांच्या हाताला साली निघून रक्त आलं होतं.

"तू फटीतून पाह्यलं ना पोरी," ते हळू आवाजात म्हणाले. "वहिनी एकटीच होती ना आत?"

मी त्यांच्या घराकडं बघितलं. त्यांच्या घराची भिंत आणि कापसाच्या खोलीची भिंत एकच होती. तिला लागून त्यांची बाज टाकलेली दिसत होती, आणि त्यावर दोन लहान नातवंडं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आज त्यांना तिथंच झोपायचं होतं. उद्याही.

"एकटीच होत्या," मी म्हणाले.

हवालदारानं ते लिहून घेतलं. मी खाली सही केली.